आहात तिथेच बसा

बाबांची मुलगी रेडिओवर बोलते. त्यांना घरी औषधं देणारी, नखं कापणारी आणि आंघोळीवरून हुज्जत घालणारी बाई निराळी. त्या बाईशी ते सभ्यपणे वागतात, तिला अहोजाहो करतात, आणि ती जरा जास्त बोलायला लागली की आत्याला बाजूला घेऊन विचारतात, "ह्या बाई अजून किती दिवस आहेत आपल्याकडे?" रेडिओवरची ती मी आणि घरातली ही बाईही मीच. पण हे त्यांना पटवून देण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. एकदा पडले होते, तर ते दिवसभर जेवले नाहीत.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. आजार आठवणी पुढून मागे खात जातो, म्हणजे अलीकडचं आधी जातं. बाबांच्या लेखी त्यांची मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली आहे. तिचे केस काळे आहेत, ती चष्मा लावत नाही आणि कुणावर खेकसत नाही. माझा चेहरा तेव्हाचा राहिलेला नाही. आवाज मात्र राहिला. ज्या माणसाने चष्म्याच्या दुकानात बसून अर्ध्या गावाचे डोळे तपासले, त्याला मुलगी ओळखायला आता कानच उरले होते. खरं सांगायचं तर मला माझ्या आवाजाचा मत्सर वाटायचा.

आमचं केंद्र विद्यापीठाचं आहे. ग्रंथालयाच्या मागे, पूर्वी मोडकी बाकं ठेवायचे त्या दोन खोल्यांत एक स्टुडिओ, एक कंट्रोल रूम आणि गच्चीवर मनोरा. विद्यापीठाचं असलं तरी विद्यार्थी आम्हाला ऐकत नाहीत, ते कानात दुसरंच काहीतरी खुपसून फिरतात. आमचे श्रोते म्हणजे आसपासच्या गावांतले दुकानदार, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं. मुख्यतः म्हातारी माणसं. रोज संध्याकाळी मी तासभर त्यांच्याशी गप्पा मारते. कुठला रस्ता खणून ठेवलाय, कुठल्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, कुणाची गाय चुकलीय, मधूनमधून गाणी. आणि शेवटी, कधीतरी सहज तोंडून गेलं आणि मग कायमचं चिकटलं ते वाक्य: "चला, निघते मी. तुम्हीही आवरा आता."

हे वाक्य ऐकलं की बाबा बूट घालायचे. मुलगी निघाली, म्हणजे तिला आणायला स्टॉपवर जायला हवं. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, त्यांचा हात धरून त्यांना कोपऱ्यावरच्या स्टॉपवर न्यायची. बस यायची, मी उतरायचे. बाबा मला नमस्कार करायचे आणि माझ्या खांद्यावरून बसमध्ये डोकावायचे. "आमची मुलगी नाही का आली ह्या गाडीनं?" मी म्हणायचे, "मागच्या गाडीनं येतेय, आपण पुढे होऊ." घरी पोचेपर्यंत ते विसरून जायचे. रोज संध्याकाळी मी माझ्याविषयी एक थाप मारायचे आणि मग भाजी चिरायला घ्यायचे.

त्या दिवशी परीक्षा चालू होत्या. दुपारचे कार्यक्रम एरवी विद्यार्थी करतात, पण परीक्षेच्या दिवसांत ते फिरकत नाहीत आणि आम्ही पोकळी भरायला जुने कार्यक्रम पुन्हा लावतो. माझ्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण असलं की आमचा तंत्रज्ञ त्याचा शेवट कापतो, कारण भर दुपारी "निघते मी" ऐकलं की श्रोते गोंधळतात आणि फोन करतात. तंत्रज्ञाला आम्ही सगळे खरखर म्हणतो. त्याला सगळीकडे खरखर ऐकू येते, आम्हाला कुणाला येत नाही, आणि शेवटी त्याचंच खरं ठरतं. त्या दिवशी खरखर म्हणाला, "शेवट कापला तर थोडा वेळ रिकामा राहतोय, पुढचे प्राध्यापक अजून आलेले नाहीत." मी घाईत होते. म्हटलं, "मग अख्खाच लाव ना. शेवटासकट लाव. कोण मरतंय दुपारचं ऐकायला."

मी ग्रंथालयात जाऊन दुसरं रेकॉर्डिंग करत बसले. परत येऊन पाहते तर टेबलावरचा माझा फोन वाजून वाजून थकला होता. आत्या होती.

"तू पोचलीस का गं?" तिने विचारलं.

"कुठे?"

"घरी. म्हणजे, स्टॉपवर. दादा तुला आणायला गेला ना." आत्याचा आवाज बारीक व्हायला लागला. "तू म्हणालीस ना निघते म्हणून. मलाही वाटलं, आज लवकर सुटलीस. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर हा नाही. स्टॉपवर जाऊन आले, तिथेही नाही. पानवाला म्हणतो, बसमध्ये चढले."

"कुठल्या बसमध्ये?"

"ते त्यानं नाही बघितलं."

बाबांच्या खिशात पत्ता असतो, पण तो शर्टाच्या खिशात, आणि त्या दिवशी आत्याने त्यांना घरातला सदरा घातला होता. फोन ते वापरत नाहीत. बाहेर असं ऊन होतं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता, आणि आदल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, यांना उन्हात अजिबात जाऊ देऊ नका, यांना तहान लागलेलीसुद्धा कळायची नाही.

"रेडिओ?" मी विचारलं.

"तो आहे त्याच्याबरोबर. छातीशी धरूनच गेलाय."

मी फोन ठेवला. रेडिओ आहे म्हणजे मी त्यांच्याशी बोलू शकत होते. उत्तर येणार नव्हतं, पण बोलू शकत होते. मी स्टुडिओच्या दाराकडे निघाले तर आमचे केंद्रप्रमुख आडवे आले. ते पत्रकारितेचे प्राध्यापक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो, आणि ते साधं पाणी मागतानाही प्रबंध वाचल्यासारखे बोलतात.

"काय झालं ते मी ऐकलं," सर म्हणाले. "परंतु केंद्रावरून वैयक्तिक निरोप देता येत नाही, हे आपण जाणता. हरवल्याची सूचना द्यायची तर पोलिसांकडून यावी लागते. मी आत्ता त्यांना फोन लावतो, तोवर..."

"तोवर ते मरतील," मी म्हणाले, आणि आत जाऊन दार लावलं.

आत प्राणिशास्त्राचे प्राध्यापक माइकपुढे वाळवीवर बोलत होते. राणी अंडी घालत होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक माझ्याकडे वळवला. काचेपलीकडे खरखरने एकदा सरांकडे पाहिलं आणि मग आवाज वाढवला.

काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. 'घरी जा' म्हणावं तर ते दुकानावरच्या जुन्या घरी जातील, जे आता घर नाही, मोटारी उभ्या करायची जागा आहे. 'स्टॉपवर या' म्हणावं तर कुठल्या स्टॉपवर? मी तोंड उघडलं आणि सवयीने आधी "श्रोतेहो" असंच निघालं.

"श्रोतेहो, थोडं थांबा. बाबा, मी बोलतेय. मी अजून निघालेले नाही. तुम्ही आहात तिथेच बसा. मी तुम्हाला घ्यायला येतेय. मी येईपर्यंत उठू नका. कुणी उठवलं तरी उठू नका, कुणाबरोबर जाऊ नका." मग बाकीच्यांना सांगितलं, की उंच, पांढऱ्या केसांचे, घरातला सदरा आणि छातीशी रेडिओ असे गृहस्थ दिसले तर केंद्राला फोन करा. हेच पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. माझा आवाज अजिबात हलला नाही. इतकी वर्षं पोटापाण्यासाठी जो साधला होता तो एखाद्या नोकरासारखा सरळ उभा राहिला.

बाहेर आले तर सर फोनपाशी खुर्ची ओढून बसलेले. नियमाबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

फोन येत होते, धो धो येत होते. पण आमचे श्रोते म्हणजे म्हातारी माणसं, हे मी विसरले होते. मुलुखभर प्रत्येक ओट्यावर पांढऱ्या केसांचा एकेक गृहस्थ छातीशी रेडिओ धरून बसलेला होता. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आहेत असे एक, पण ते माझे सासरे आहेत." एकाने स्वतःचंच वर्णन करून विचारलं, "मी तर नाही ना?" दोघांना वाळवीच्या राणीचं पुढे काय झालं ते हवं होतं. सर प्रत्येकाला "आपण जागरूकतेने संपर्क साधलात याबद्दल केंद्र ऋणी आहे" म्हणत होते, आणि मी त्यांच्या हातून रिसीव्हर हिसकून घेऊन फेकणार एवढ्यात त्यांनीच तो माझ्यापुढे धरला. त्यांचा चेहरा बदलला होता.

"रेडिओवाल्या बाई का?" एक चिडका आवाज. "मी नाक्याच्या पुढचा काटेवाला बोलतोय. ट्रकचा वजनकाटा आहे ना, तो. तुमचे वडील माझ्या काट्यावर बसलेत."

"बसलेत म्हणजे? बरे आहेत ना?"

"बरे म्हणजे, मधोमध बसलेत. जिथे गाडी उभी करतात त्या पत्र्यावर. काट्यावरून पलीकडे निघाले होते, तुमचा आवाज आला आणि खाली बसले. आता उठत नाहीत. पोरीनं सांगितलंय म्हणतात. जवळ गेलं की रेडिओ उगारतात. गाड्यांची रांग लागलीय, ड्रायव्हर लोक माझं डोकं खातायत. आणि बाई, पत्रा तापलाय हो. भाकरी भाजेल एवढा तापलाय."

मी सांगितलं होतं आहात तिथेच बसा. त्यांनी तंतोतंत ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं इतकं तंतोतंत ऐकलं होतं.

"त्यांना पाणी द्या," मी म्हणाले.

"दिलं. घेत नाहीत. ओळखदेख नसताना कसं घेऊ म्हणतात."

सरांनी गाडीची किल्ली काढली. खरखर म्हणाला, "मी तुमचे जुने कार्यक्रम लावून ठेवतो. आवाज बंद पडला तर उठतील आणि चालू लागतील. आणि शेवट कापतो, ते सांगायला नको." त्याला फार अपराधी वाटत होतं, दिसतच होतं. मला त्याची समजूत घालायला वेळ नव्हता आणि मनही नव्हतं.

सर गाडी चालवतात तीही प्रबंधासारखीच, प्रत्येक वळणाला आधी प्रस्तावना. मी दोनदा त्यांच्यावर ओरडले. गाडीतल्या रेडिओवर मी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांची मुलाखत घेत होते आणि काहीतरी बोलून स्वतःच खळखळून हसत होते. रस्त्यावरच्या दुकानांतूनही तेच हसू येत होतं, पंक्चरवाल्याकडून, इस्त्रीवाल्याकडून. त्या हसणाऱ्या बाईचा गळा दाबावासा वाटला. पण बंद करा म्हणायची सोय नव्हती. बाबा जिथे कुठे बसले होते तिथे त्यांना त्या हसण्याचाच आधार होता.

नाक्याच्या पुढे गेलो तर ट्रकची रांग आधी दिसली. हॉर्न वाजत होते. सरांच्या गाडीतली हिरवी छत्री उचलून मी पळत सुटले. लोखंडी पत्र्याच्या मधोमध बाबा बसले होते, पाठ ताठ, दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे तसे. काटेवाल्याने लांबूनच एक गोणपाट सरकवलं होतं, त्याच्या कडेवर ते कसेबसे टेकले होते. चेहरा लालबुंद. ओठ पांढरे पडलेले. कोपराला खरचटून रक्त आलेलं.

"ते कसं झालं?" मी विचारलं.

"मी उचलून बाजूला ठेवायला गेलो," एक ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या मागे काँक्रीटची गाडी उभी होती, तिचं पिंप गरागरा फिरत होतं. "काय करू मग? माल आत थिजतोय माझा. पिंपात दगड झाला तर मालक मला त्यात पुरेल. बाई, तुम्ही हलवताय का मी हलवू?"

त्यालाही घाम फुटला होता, आणि तो घाम उन्हाचा नव्हता. मी म्हटलं, "हलवते. थोडं थांबा."

बाबांच्या डोक्यावर छत्री धरून मी त्यांच्यासमोर खाली बसले. पत्र्याचा चटका कपड्यातून लागला.

"बाबा, चला. घरी जाऊ."

त्यांनी वर पाहिलं आणि ओळखीचं हसले. माझ्या जीवात जीव आला. मग ते म्हणाले, "तुम्ही होय. तुम्ही कशाला त्रास घेतलात एवढ्या उन्हाचा? आमची मुलगी येतेय मला घ्यायला."

"बाबा, मीच आलेय. मीच तुमची मुलगी."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. अपमान होऊ नये म्हणून ते जरा विचार करून बोलले. रेडिओ त्यांनी माझ्या कानाजवळ धरला. "ही ऐका. ही आमची मुलगी. तुम्ही बोलताय तेव्हा हीसुद्धा बोलतेय. मग तुम्ही ती कशा असाल?"

रेडिओत मी घड्याळवाल्या आजोबांना विचारत होते, कुणी आपलं घड्याळ परत न्यायला आलंच नाही असं कधी झालंय का? त्यांचं बरोबर होतं. त्या क्षणी जगातल्या कुणीही माझ्यापेक्षा त्या डब्यावरच विश्वास ठेवला असता.

मी खरखरला फोन केला. "रेकॉर्डिंग थांबव आणि मला फोनवरून थेट प्रक्षेपणात घे. श्रोत्यांचे फोन घेतोस तसं. आत्ताच्या आत्ता." रेडिओ गप्प झाला. बाबा दचकले, त्यांनी तो हलवला, थापट्या मारल्या, उठण्यासाठी एक हात खाली टेकला. आणि तेवढ्यात मी "बाबा" म्हणाले. माझा आवाज फोनमधून मनोऱ्यावर गेला आणि त्यांच्या हातातून बाहेर आला, आणि तोच पुन्हा माझ्या फोनमध्ये शिरला. अशी किंकाळी फुटली की ड्रायव्हरांनी कान धरले. बाबांनी रेडिओवर दोन्ही हात दाबून धरले आणि ते त्याच्यावर वाकले, लहान मूल पडलं की त्याच्यावर वाकतात तसे. "काय झालं हिला? काय केलंत तुम्ही?"

"लांब जा," फोनमध्ये खरखर ओरडत होता. "रेडिओपासून लांब जा. रोज तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

रोज मीच सांगते. फोन लावणाऱ्या प्रत्येकाला. मी छत्री सरांच्या हातात दिली आणि काटेवाल्याच्या खोलीत धावले. खिडकीची काच लावून घेतली. काचेतून बाबा स्पष्ट दिसत होते, पण बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त इंजिनांची घरघर. आता आवाज नीट गेला असावा, कारण बाबांनी रेडिओवरचे हात काढले आणि तो वर उचलला.

"बाबा, मी बोलतेय. ऐकू येतंय ना? मला आज यायला जमत नाहीये. काम आहे. तुमच्याजवळ आत्ता आल्या होत्या ना त्या बाई, हिरव्या छत्रीच्या, त्या आपल्या घरातल्याच आहेत. चांगल्या आहेत हो त्या. जरा ओरडतात, पण चांगल्या आहेत. त्या तुम्हाला पाणी देतील ते प्या. त्यांच्याबरोबर घरी जा. मी सांगतेय म्हणून जा."

हे सगळं मुलुखभर ऐकू जात होतं, हे मला ठाऊक होतं. इस्त्रीवाला ऐकत असेल, ती बाई आणि तिचे सासरे ऐकत असतील. मला लाज वाटली नाही. लाज वाटायला आधी माणूस शिल्लक असावा लागतो.

बाबांनी रेडिओ तोंडाजवळ नेला. त्यांचे ओठ हलले. ते त्याला काहीतरी विचारत होते. सर शेजारीच छत्री धरून उभे होते, पण पिंपाच्या घरघरीत त्यांनाही ऐकू गेलं नसावं. बाबा थांबले. उत्तराची वाट बघत रेडिओकडे पाहत राहिले. मी गप्प बसले असते तर त्यांनी तो पुन्हा थापटला असता, पुन्हा घाबरले असते.

"हो बाबा," मी म्हणाले. "हो."

मग त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, यावेळी अगदी थोडक्यात.

"नक्की, बाबा. अगदी नक्की."

त्यांनी रेडिओ मांडीवर ठेवला. चेहऱ्यावरून हात फिरवला. आणि मग ते उठायला लागले. सरांनी हात पुढे केला तो त्यांनी धरला. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा ते पत्र्यावरून खाली उतरले होते, काटेवाला त्यांच्या तोंडाला तांब्या लावत होता आणि ते घटाघटा पाणी पीत होते. काँक्रीटचा ट्रक गुरगुरत काट्यावर चढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, सुटलो. कसेही का असेना, सुटलो.

आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलं. मी शेजारी बसले, ओला रुमाल त्यांच्या कपाळावर धरला, तर त्यांनी तो धरू दिला. वाटेत दवाखाना होता, तिथे आधी जायचं असं सर म्हणाले, अगदी साध्या शब्दांत. बाबांचा श्वास आता संथ चालला होता. मी आत्याला फोन करून सांगितलं, सापडले. ती नुसती रडत राहिली.

"तुमची मुलगी बोलली ना तुमच्याशी?" मी विचारलं. मला ऐकायचं होतं. मीही हावरटच.

"बोलली," बाबा म्हणाले.

"तुम्ही काय विचारलंत तिला?"

ते खिडकीबाहेर बघत होते. सांगावं की नाही असा त्यांनी विचार केला. मग माझ्याकडे न बघताच ते बोलले. "रोज जातो मी स्टॉपवर. गाडी येते, ती नसते त्यात. मला वाटायचं, मागच्या गाडीनं येईल. पण माणसाला कळतं हो. म्हणून आज विचारून टाकलं. म्हटलं, बाळ, तू आता घरी यायची नाहीसच ना? तर हो म्हणाली."

माझ्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"म्हटलं, नक्की? तर म्हणाली, अगदी नक्की." त्यांनी मान हलवली. "खोटं नाही बोलली, एवढं बरं झालं. जाणं-येणं तरी वाचलं."

"बाबा, तसं नाही. तिला ऐकू आलं नाही. तुमचं बोलणं तिकडे जात नाही, ती नुसतीच..."

"असू द्या," ते म्हणाले, माझी समजूत घालत. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

आरशात सरांचे डोळे दिसले आणि लगेच रस्त्याकडे वळले. पुढे गाडीतला रेडिओ चालूच होता. खरखरला आम्ही निघाल्याचं कळवायचं राहिलं होतं, आणि त्याने पुन्हा माझा एक कार्यक्रम लावला होता. मी कुणालातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते.

"ते जरा बंद करता का?" बाबांनी विचारलं.

मी पुढे वाकून रेडिओ बंद केला. त्यांच्या मांडीवरचा त्यांनी स्वतःच बंद केला आणि आम्हा दोघांच्या मध्ये सीटवर ठेवून दिला. मग शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं, असं वाटून त्यांनी विचारलं, "तुमचे वडील आहेत का हो?"

"आहेत," मी म्हणाले.

"मग माझ्यापायी त्यांना असं ताटकळत ठेवू नका," बाबा म्हणाले.